खविसाची वाटी

आधीच सांगून ठेवते, यातला एक शब्दसुद्धा खरा मानायचा नाही. बघा जमतंय का. नाही जमायचं तुम्हाला. मी सांगायला लागले की भल्याभल्यांची तोंडं उघडी राहतात, मग त्यात माशी जाते, आणि मग तुमच्या आया मला बोल लावतात.

हे फुटाणे घ्या. वाटी मधे ठेवा, ओढाओढी नको. संपले की वाटी मला परत द्या. स्टीलची आहे आणि तिच्यावर माझं नाव कोरलंय, तेव्हा पळवूनही उपयोग नाही.

तुम्ही टीव्हीवर ती कार्टूनची सिरीयल बघता ना? परवा मी पण बघितली, डोळे मिटून. त्यात तो शिंगवाला राक्षस येतो. म्हणतो, काय हवं ते माग, बदल्यात एक गोष्ट दे. ते येडं पोरगं हो म्हणतं. मग पुढचे सगळे भाग पळवाट शोधण्यात जातात. आणि ही चष्मेवाली मला शिकवते, "आजी, राक्षसाच्या सौद्यात पळवाट असतेच."

असते गं बाई. पण पळवाटेनं पळालेलं माणूस शेवटी पोचतं कुठं, हे काही सिरीयलीत दाखवत नाहीत. ते मी सांगते.

एका जंगलात एक खवीस राहायचा.

कुठल्या जंगलात? तुला काय तिथं पत्र टाकायचंय? एका जंगलात म्हटलं की एका जंगलात.

खवीस म्हणजे राक्षसाचा चुलतभाऊ. हा चिंचेच्या झाडावर राहायचा. दात असे, नखं अशी, केस ह्याच्यासारखे, तेलाचा थेंब न पाहिलेले. पण कुणाला खायचाबियचा नाही. त्याचा धंदा वेगळा. त्याच्याकडं एक पितळी वाटी होती. जो जे मागेल ते त्या वाटीत यायचं. बदल्यात तो एकच वस्तू घ्यायचा. हाक.

हाक म्हणजे दिवस कलला की आया ओरडतात ना, "ये रे घरी," ती. ती हाक तो घशातून ओढून काढायचा आणि एका रांजणात भरून ठेवायचा. बाकीचा आवाज शाबूत. भांडता यायचं, चहाड्या करता यायच्या. फक्त पोराला घरी बोलवायचं म्हटलं की घशात नुसती हवा.

जनावरं म्हणाली, एवढंच ना. हाकेला काय लागतं.

सौदा करताना खवीस अटी म्हणायचा. डोळे मिटून, एका दमात. जाहिरातीच्या शेवटी तो माणूस बोलतो ना, वाघ मागं लागल्यासारखा, तसा. अटी त्याच्या पणजोबाच्या वेळच्या. त्याला पाठ होत्या, पण त्यात आहे काय हे बघायला तो कधी थांबला नव्हता. तुम्ही शाळेत प्रार्थना म्हणता तसंच. आणि समोरचं जनावर तेवढ्या वेळात काय मागावं याचा विचार करत असायचं.

शेवटी खवीस विचारायचा, "कबूल?"

"कबूल, कबूल. आधी वाटी द्या."

माकडिणीनं वाटीभर केस चमकवायचं तेल मागितलं. अस्वलिणीनं गोरं व्हायचं मलम मागितलं. ते लावायला चेहरा सापडेना, म्हणून तिनं ते खाल्लं. कोल्हीणबाईंनी वाटीभर मान मागितला. मान वाटीत कसा मावला म्हणता? पातळ तुपासारखा होता म्हणे. त्यांनी तो मानेला चोळला, तेव्हापासून मान खाली होत नाही.

सगळ्यांनी वाटी चाटूनपुसून दुसऱ्या दिवशी परत केली. आणि सगळ्यांच्या हाका गेल्या.

मग काय, पोरं घरी येईनात. बोलवतंय कोण? हरणांची पाडसं ओढ्यापलीकडंच राहिली. माकडांची पोरं दुसऱ्याच माकडांत जेवायला लागली, आणि तिथं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आयांना वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटतं. छे. कोल्हीणबाई म्हणाल्या, "हाका मारणं गावंढळच दिसतं. आमच्यात आता हाका मारत नाहीत. आम्ही सुताराकडनं निरोप ठोकून घेतो."

सुतारपक्षी झाडावर ठोकायचा, टक टक. निरोप पोरांपर्यंत पोचला की खूण म्हणून परत ठोकायचा, टक टक. पोरं वर बघायची आणि पुन्हा खेळायला लागायची. निरोप पोचला यातच कोल्हीणबाई खूश. पोर नाही पोचलं तरी चालेल.

त्याच जंगलात साळू राहायची. साळिंदर हो, अंगभर काटे असतात ते. नवरा वारला होता. एक पोरगा होता, त्याचं नाव बोरू. पोरगा गुणी, पण त्याला दिशा कळायची नाही. डावं कळायचं नाही, उजवं कळायचं नाही, मागं वळला की मागचंच त्याला पुढचं वाटायचं. हा ह्याच्यासारखाच. रोज संध्याकाळी साळू बिळाच्या तोंडाशी उभी राहायची आणि हाक मारायची, "बोरू, ये रे, पान वाढलंय." त्या हाकेचा दोर धरून बोरू घरी यायचा. हाक नाही तर बोरू नाही. एवढा सरळ हिशेब.

आता त्या साली जंगलात वाढदिवसांची साथ आली होती. ज्याचा त्याचा वाढदिवस. कोल्हीणबाईंनी तर शेपटीचा वेगळा केला. बोरू रडत घरी आला.

"सगळ्यांच्या वाढदिवसाला गोड असतं. माझ्या वाढदिवसाला कंदच असतात."

"कंद वाईट असतात का?"

"कंद रोज असतात."

साळू उठली. ती पोराला घेऊन चिंचेखाली गेली.

खवीस फांदीवरनं वाकला. "काय पाहिजे?"

"वाटीभर बासुंदी. चारोळ्या घालून."

"घातल्या. बदल्यात तुझी हाक."

साळू थबकली. "मग माझा पोरगा घरी कसा यायचा?"

"कोल्हीणबाई निरोप ठोकून घेतात."

"त्यांचं पोर कुठंय?"

"ते मला काय माहीत? मी हाका घेतो. पोरं मी बघत नाही."

साळू परत फिरणारच होती. पण तेवढ्यात वाटीत बासुंदी आली, दाट, पिवळसर, वर साय. आणि बोरू तिच्याकडं असं बघत होता की साळूच्या काट्यांनासुद्धा घाम फुटला. तुम्ही पोरं फार वाईट. तुम्ही तोंड उघडून बघत उभे राहता आणि आयांचे सौदे होऊन जातात.

खविसानं डोळे मिटले. "वाटीउद्यामावळतीच्याआतपरतफोडलीहरवलीतरसगळंगेलंरिकामीज्याच्याहातातपडेलतोजिंकलाभरलीआलीतरसौदापुढंचालूकबूल?"

"कबूल," साळू म्हणाली, आणि तिचा आवाज आत्ताच गेल्यासारखा निघाला.

बोरूनं बासुंदी खाल्ली. वाटी चाटली. मग वाटीत स्वतःचं तोंड दिसायला लागलं, ते पण चाटलं.

दुसऱ्या दिवशी साळूनं वाटी राखेनं घासली, विसळली, पुसली. घेऊन निघाली. उंबऱ्यापाशी आली आणि तिचे पाय अडले.

आता फुटाणे चघळणं थांबवा आणि ऐका.

साळूच्या आईनं तिला एक सांगून ठेवलं होतं. शेजारणीची वाटी रिकामी परत द्यायची नाही. साखर घाल. साखर नसेल तर शेंगा घाल. काहीच नसेल तर अंगणातली चार फुलं टाक, पण रिकामी नाही. तुमच्या घरी पण हेच चालतं, विचारा जाऊन. हाक जाणार याचं साळूला दुःख होतं, डोळे भरले होते. पण रिकामी वाटी घेऊन भर जंगलातून जायचं, याची लाज त्याच्यापेक्षा मोठी. बाईमाणसाचं असंच असतं. घर जळत असतं आणि ती म्हणते, थांबा, जरा बरं लुगडं नेसते.

घरात कंद होते. साळूनं ते उकडले, मीठमिरची लावली, वाटीत घातले, वर पान झाकलं आणि गेली.

खवीस तयारच होता. एक हात वाटीसाठी पुढं, दुसऱ्या हाताचं बोट तिच्या घशाकडं वाकडं केलेलं. वाटी हातात पडली आणि जड लागली.

"हे काय?"

"कंद आहेत. थोडेच आहेत, गोड मानून घ्या."

खविसाला आजवर कुणी काही दिलं नव्हतं. त्यानं पान उचललं, वास घेतला, आणि बघता बघता वाटी संपवली. मिशीला मीठ लागलेलं, ते पण चाटलं. मग धंद्याची आठवण झाली. त्यानं साळूच्या घशाशी बोट नेलं आणि हाक ओढली. येईना. पाय रोवून ओढली. येईना.

"काय केलंस तू?"

"मी काय केलं? तिखट झाले का?"

खवीस खाली बसला. जन्मात पहिल्यांदा त्यानं पणजोबाच्या अटी हळू म्हणून बघितल्या. बोटांवर एकेक अट धरत.

"वाटी उद्या मावळतीच्या आत परत. बरोबर. फोडली, हरवली तर सगळं गेलं. बरोबर. रिकामी ज्याच्या हातात पडेल तो जिंकला." तो थांबला. "भरली आली तर सौदा पुढं चालू."

"म्हणजे?"

"म्हणजे वाटी आता माझ्याकडं आली. उद्या ती मी तुला द्यायची."

"द्या की सावकाश."

"सावकाश काय? मी रिकामी दिली तर तू जिंकलीस. रांजणातल्या सगळ्या हाका सोडाव्या लागतील मला."

"अगंबाई," साळू म्हणाली.

ऐकलंस ना, चष्मेवाले? तिनं काही पळवाट शोधली नव्हती. तिच्या आईनं ती तिच्या अंगाला लहानपणीच लावून ठेवली होती, वेखंडासारखी.

आता खविसाची पंचाईत बघा. वाटीची जादू दुसऱ्यानं मागितलं तरच चालायची. त्याला स्वतःला काही भरायचं तर चूल पेटवायला लागणार. आणि त्यानं जन्मात चूल पेटवली नव्हती. पहिल्या दिवशी त्यानं झाडावरच्या चिंचा तोडून वाटीत टाकल्या आणि धावत येऊन साळूच्या दारात ठेवल्या.

साळूनं त्याचं सार केलं आणि वाटी भरून परत पाठवली.

मग त्यानं भात केला. खाली करपलेला, वर कच्चा, मधे दोन्ही. साळू म्हणाली, "छान झालाय हो," आणि तो गेल्यावर बिळामागं ओतला. तिथं अजून गवत येत नाही.

असं रोज. वाटी इकडून तिकडं, तिकडून इकडं. कधी तिचं पिठलं, कधी त्याची भाजी, जी बघून भाजीलाही कळलं नसतं की आपण भाजी आहोत. हळूहळू खवीस विचारायला लागला. "मीठ आधी घालायचं की मग?" "फोडणीत मोहरी तडतडते ती माझ्यावर रागावून का?" साळू सांगायची. रोज संध्याकाळी हाकही मारायची, "बोरू, ये रे, पान वाढलंय." बोरू यायचा. खवीस चिंचेवर बसून ते ऐकायचा.

त्याच्या रांजणात जंगलभराच्या हाका होत्या. तो झाकण उघडून कान लावून बसायचा. ये गं चिमणे, ये रे ढब्ब्या, ये रे सोन्या. एवढ्या हाका, पण एकीतही त्याचं नाव नव्हतं. दुसऱ्याच्या हाका साठवून आपल्याला कुणी बोलवत नसतं, हे त्याला कळत होतं. पण धंदा पणजोबाचा, सोडवत नव्हता.

एक दिवस कोल्हीणबाई साळूकडं आल्या. मान वर, नाक त्याच्या वर.

"तू अगदीच भोळी गं. हातात आलेला डाव आहे. त्याच्या चुलीत पाणी ओत. एक दिवस तो रिकामा आला की जिंकलीस."

"कुणाच्या चुलीत पाणी ओतू नये," साळू म्हणाली.

"मग रांध जन्मभर."

"हाक राहते ना माझी. रांधीन."

पुढच्याच दिवशी खविसाची चूल पेटेना. लाकडं ओली, राख ओली, आतनं नुसती वाफ. पाणी कुणी ओतलं? कोल्हीणबाई म्हणतात, मी नाही. साळूच्या पायाला ओली राख लागली होती खरी, पण ती रोजच राखेत असायची. मला विचारू नका. मी त्या वेळी झोपले होते.

खविसानं फुंकून फुंकून गाल सुजवले. दिवस कलायला लागला. चिंचा संपलेल्या. चार पानं तोडून टाकावी तर आता त्याची त्यालाच लाज वाटायला लागली होती. इतके दिवस मोहरीची फोडणी शिकून शेजारणीला पाला द्यायचा? वाटी पाठीमागं लपवून तो साळूच्या दाराशी आला आणि नुसता उभा राहिला. वाटी द्यावी तर हरला. न द्यावी तर मावळतीला सगळं गेलं.

साळू बोरूला वाढत होती. "कोण आहे तिथं?"

"मीच."

"आत ये की."

"नको. सहज आलो होतो."

"जेवलास का?"

खविसानं वाटी आणखी मागं सरकवली. मग म्हणाला, "चूल पेटली नाही."

साळू हात पुसत बाहेर आली. त्याचे सुजलेले गाल बघितले, मागं लपवलेला हात बघितला.

"तुझं नाव काय रे?"

"खवीस."

"ती जात झाली. घरी काय म्हणायचे?"

खविसाला आठवायला वेळ लागला. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. "धोंडू," तो म्हणाला.

साळू बिळाच्या तोंडाशी गेली, जिथं ती रोज उभी राहायची तिथंच. आणि समोरच उभ्या असलेल्याला तिनं लांबच्याला मारतात तशी हाक मारली, "धोंडू, ये रे, पान वाढलंय."

धोंडूच्या डोळ्यांत धूर गेला म्हणे. चूल पेटली नव्हती, तरी.

तो आत येऊन बोरूशेजारी मांडी घालून बसला. साळूनं इकडंतिकडं बघितलं. "तिसरं पान नाहीच की घरात. बघू ती वाटी इकडं, तीतच वाढते."

आणि त्यानं दिली.

रिकामी वाटी साळूच्या हातात पडली आणि तिकडं चिंचेखाली रांजण फुटला. सगळ्या हाका सुटल्या. ये गं चिमणे, ये रे ढब्ब्या, ये रे सोन्या, नुसता कालवा. ओढ्यापलीकडची पाडसं कान टवकारून धावत सुटली. माकडांची पोरं जेवता जेवता उठली. अंधार पडायच्या आत सगळं जंगल घरी.

आया आनंदल्या असतील असं तुम्हाला वाटतं. कोल्हीणबाई दारात उभ्या राहून पोरं बघत होत्या. "एवढी होती? आणि ही जेवणार काय?" मग त्यांनी मोठ्यानं सुनावलं, "हाका सोडायच्या आधी त्या साळूनं आम्हाला विचारलं होतं का?" अस्वलिणीला त्यांचं पटलं. दुसऱ्या दिवशी साळूच्या निषेधाची सभा झाली. सभेचा निरोप सुतारानं ठोकला, म्हणून कुणी आलं नाही.

इकडं धोंडूचा घास हातातच राहिलेला. "मी हरलो का?"

"आधी जेव. पिठलं घे अजून."

तो जेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत येऊन बसला. तिसऱ्या दिवशीही. मग साळू म्हणाली, "का रे, हाक मी एकदा मारली होती. तू रोजच येतोस?"

धोंडूनं डोळे मिटले आणि बोटावर धरून सावकाश म्हणाला, "हाक मारून बोलावलं असेल तर परत जा म्हणेपर्यंत हाक चालू. पणजोबाची अट आहे. तेव्हा तू ऐकली नाहीस."

आणि जेवायला बसलेल्याला जा म्हणायचं नसतं, हे पण साळूला आईनंच शिकवलं होतं.

अजून तो तिथंच जेवतो. भांडी घासतो. मोहरी तडतडली की अजून दचकतो.

तात्पर्य: राक्षसाशी सौदा करताना अटी ऐकत बसू नका, पळवाट तर मुळीच शोधू नका. राक्षस जिंकला तर आपली हाक जाते. आपण जिंकलो तर राक्षस जेवायला येतो आणि घालवता येत नाही. नुकसान दोन्हीकडनं आपलंच. पण दुसऱ्यात भांडी घासायला कुणीतरी मिळतं, म्हणून होता होईल तो जिंकावं.

झाली गोष्ट. आणा बघू माझी वाटी.

रिकामी? एक फुटाणाही ठेवला नाहीत? बरं. ठेवा इथं माझ्या हातात.

आता जरा गप्प बसा. एवढा उजेड कमी झाला, एव्हाना तुमच्या आयांच्या हाका सुरू व्हायला हव्यात. येतेय का ऐकू कुणाची? नाही ना? मी तरी काय करणार. मी काही घशाकडं बोट नेलं नव्हतं.

मी आधीच म्हटलं होतं ना, एक शब्दसुद्धा खरा मानायचा नाही? मग रडायला काय झालं? आणि चष्मेवाले, तू खिशातनं काय टाकलंस वाटीत? बोरं? तीन बोरं आणि एक अर्धं खाल्लेलं. बघू.

आंबट आहेत. चालतील.

जा आता. पळा घरी.